बसली म्हटलं की उठते

माणसं त्याला तोंडावर दादा म्हणत आणि पाठीमागे आवळ्या. दोन्ही नावं त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवली होती. नव्याकोऱ्या मोटारी कारखान्यातून शोरूमपर्यंत नेणाऱ्या लांबलचक दुमजली ट्रेलरवर तो ड्रायव्हर होता. खरं तर मोटारी चढवणं आणि बांधणं हे लोडरचं काम, पण दादाचा कुणावर भरवसा नव्हता. लोडरने बांधलेली प्रत्येक मोटार तो स्वतः पुन्हा आवळी. चाकांतून पट्टा घालायचा, लोखंडी खटक्याचा दांडा वरखाली करायचा, की पट्टा एकेक दात ताणला जातो. बाकीचे लोक पट्टा ताठ झाला की थांबत. हा त्यावर आणखी दोन दात घेई, मग खटक्यावर पाय देऊन तिसरा. मग टायरवर एक थाप मारून ओरडे, "बसली!"

ही त्या धंद्यातली जुनी रीत. मोटार पट्ट्यात नीट बसली, आता ती हलत नाही, निघायला हरकत नाही, एवढा सगळा मजकूर त्या एका शब्दात. मालक मागे कितीही बोंबलत असो, "बसली" ऐकल्याशिवाय कोणी स्टार्टर मारत नसे. दादाच्या तोंडी तो शब्द इतका रुळला होता की जेवून ताट सरकवतानाही तो मांडीवर थाप मारून "बसली" म्हणे.

आवळायची सवय यार्डात ठेवून घरी यावं, तर तसंही नाही. घरात कोणी किती बोलायचं, खिडकी किती उघडायची, बायकोने माहेरी किती दिवस राहायचं, सगळ्याला त्याचा पट्टा होता. बायको मूग गिळून गप्प बसे. तिचे आईवडील लवकर गेले होते, आणि माहेर म्हणून उरला होता एक धाकटा भाऊ. तोच दादाच्या ट्रेलरवर लोडर होता. तिशीला टेकलेला, अंगाने किरकोळ, स्वभावाने गरीब. म्हणजे दादाला हवं होतं तसंच गिऱ्हाईक.

एकदा एका मोटारीच्या बॉनेटवर केसाएवढा ओरखडा निघाला. शोरूमच्या माणसाला तो दिसलाही नव्हता. दादाने स्वतः बोट ठेवून दाखवला, मग चार लोकांदेखत मेहुण्याच्या कानाखाली जाळ काढला. येताना भर हमरस्त्यात ट्रेलर थांबवून म्हणाला, "उतर. ओरखडा कसा येतो याचा चालता चालता विचार कर." मेहुणा दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला तेव्हा पायांना फोड आले होते. बहीण त्याचे पाय गरम पाण्यात धरून बसली होती आणि बाहेरच्या खोलीत दादा शेजाऱ्याला तीच हकिगत सांगून पोट धरधरून हसत होता.

पुढे मेहुण्याला एक मुलगी पाहिली. चांगली माणसं होती, बोलणी होत आली होती. मुलीच्या बापाने सहज विचारलं, मुलगा कंपनीत काय म्हणून आहे? मेहुण्याने तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "माझा हमाल आहे." लग्न मोडलं. दादा म्हणाला, मी खोटं बोललो का? खोटं नव्हतंच ते. म्हणून तर मेहुणा त्यानंतर दुसऱ्या मुलीच्या दारात गेला नाही.

अशात ते यंत्र आलं. आधी अफवा आली, मग चित्रं आली, मग ते स्वतः आकाशातून उतरलं. चार बाजूंना चार मोठाले पंखे, खाली चार पाय, मधे रिकामं पोट, आणि आत ड्रायव्हर नावाचा प्राणी नाही. कारखान्याच्या दारात मोटार एका लोखंडी पाटावर चढवून बांधायची, यंत्राने वरून येऊन तो पाट पोटाशी धरायचा आणि उडत जाऊन थेट विकत घेणाऱ्याच्या अंगणात ठेवायचा. कंपनीने त्याला मोठं भारदस्त नाव दिलं होतं. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पाडलं, उचल्या. दुसऱ्याची वस्तू उचलतो आणि बघता बघता दिसेनासा होतो तो उचल्या.

दादा पुष्कळ हसला. "पंख लावले म्हणून मांजराचं पाखरू होत नाही," तो ट्रेलरवाल्यांच्या घोळक्यात म्हणाला. "वारा सुटू दे, दोनचार मोटारी कुणाच्या तरी डोक्यावर पडू देत, मग येतील माझ्याच दारात." वारा सुटला. मोटारी पडल्या नाहीत. लोकांनाच उलट चटक लागली. हमरस्त्याची धूळ नाही, टायरखालून उडणारे खडे नाहीत, झाडांच्या फांद्यांनी टपावर काढलेली नक्षी नाही. सकाळी कारखान्यातून निघालेली मोटार दुपारी दारात, तीही अंगावर पाण्याचा थेंब न लागता. शोरूमवाल्यांनी मोटारी ठेवायची मैदानं विकून टाकली. रस्त्यावरचे टायरवाले उठले, पट्टे विकणारा उठला, ट्रेलरवरून उतरलेल्या मोटारी धुऊन देणाऱ्या बायका उठल्या. ज्या चहाच्या टपरीवर ट्रेलरवाल्यांचं राज्य होतं, तिथला चहावाला छपरावर खुर्ची टाकून उडते उचल्ये बघत बसू लागला, कारण दुसरा उद्योगच नव्हता.

आणि मग दादाची कंपनी बसली. शब्द बघा, तोच. मोटार बसली तर बरं, कंपनी बसली तर वाटोळं, आणि माणूस घरी बसला तर विचारूच नका. मालकाने दादाला शेवटचं काम दिलं ते ट्रेलर भंगाराच्या यार्डात नेऊन सोडायचं. तिथे एका माणसाने त्याच्यासमोरच गॅसच्या ज्योतीने वरचा मजला कापायला घेतला. दादा म्हणाला, "अरे, मी जाईपर्यंत तरी थांब." तो म्हणाला, "तुम्ही कुठे जाणार आहात आता?" आणि खरंच, जायला गाडी नव्हती. दादा चालत आला.

मेहुणा या सगळ्याच्या आधीच निसटला होता. उचल्यांच्या यार्डात बांधणीला माणसं हवीत अशी पाटी लागली त्याच दिवशी, दादाला न सांगता. "पळपुटा," दादा म्हणाला होता. पळपुटा तिथे टिकला, आणि दोनेक वर्षांत बांधणीचा मुकादम झाला. पाटावर मोटार बांधायला अजून माणूसच लागे, कारण प्रत्येक मोटारीचं वजन वेगळ्या जागी आणि यंत्राच्या हातांना ती अक्कल नव्हती.

उचल्याला उडायची आज्ञा तोंडी द्यायची असे. हातात मोजे, डोळ्यांवर काचेचा चष्मा, भोवती गोंगाट, म्हणून बांधणाऱ्याच्या हेल्मेटात तोंडापाशी माइक. यंत्राच्या कपाळावर दिवा होता. लाल असला की ते बहिरं, हिरवा झाला की ते ऐकतंय. वर काचेच्या खोलीत बसलेला माणूस बटण दाबून तो हिरवा करी. आज्ञेचा शब्द काय ठेवावा असा प्रश्न निघाला तेव्हा इंजिनियर लोकांनी विचारलं, तुम्ही बांधून झालं की काय म्हणता? सगळे जुने ट्रेलरवाले. एका सुरात म्हणाले, "बसली!" तोच ठेवला. म्हणजे खाली बसली म्हणायचं आणि ती वर उठायची. असला उफराटा कारभार, पण चालला होता.

त्यातून यार्डात एक खेळ निघाला. दिवा लाल असताना एखाद्याला गप्पांत गुंतवून त्याच्या तोंडून तो शब्द काढायचा. "तुझी सासू उभी आहे की काय?" "नाही रे, बसली आहे." झालं. वेळ चुकली म्हणून हेल्मेटात टूं वाजे, सगळे टाळ्या पिटत आणि बोलणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. याला जीभ पकडणं म्हणत. मात्र एक नियम कडक होता. हिरव्यावर थट्टा नाही.

इकडे दादा घरी बसून काय करत होता? आवळत होता. डब्यांची झाकणं अशी लावी की बायकोला उघडता येत नसत. नळ असा पिरगाळी की चकत्या फाटत. दाराची कडी, खिडकीचे स्क्रू, खाटेचे बोल्ट, जे हाताला लागेल ते. आणि आवळायला काही उरलं नाही की बायको होतीच. शेवटी तिने चपला घातल्या आणि भावाच्या दारात गेली.

"घेतो," भाऊ म्हणाला. "तुझ्यासाठी घेतो, ताई. पण तिथे तो माझ्या हाताखाली. आणि आधी उमेदवारी. तीन चुका झाल्या की घरी. मग माझ्याकडे पुन्हा यायचं नाहीस."

"तीन कशाला," ती म्हणाली, "त्याला एकही करू देऊ नकोस. तो परत घरी बसला तर मी उरत नाही."

तर अशी ती नोकरी. ती टिकली तर दादा बांधणीवर राहणार, नाही तर जन्मभर डब्यांची झाकणं. दुसरं काही त्याला येत नव्हतं आणि कुणी देतही नव्हतं.

पहिल्या दिवशी मेहुण्याने सगळ्यांसमोर हात जोडून स्वागत केलं. "या दाजी, या. हे आमचे दाजी बरं का." त्या दिवसापासून अख्ख्या यार्डाचा तो दाजी झाला. वीस वर्षांचं पोरगं त्याला हाक मारी, "ओ दाजी, तो पट्टा आणा." झाडूवाला म्हणे, "दाजी, पाय उचला." एवढ्या मेहुण्यांचा एक दाजी पृथ्वीवर दुसरा नसेल. मेहुण्याने त्याच्याशी एकदाही आवाज चढवला नाही. कानाखाली तर नाहीच नाही. तो फक्त हसून, अहो-जाहो करून, चार लोक जमले की बोले.

"दाजी, केवढं आवळता! पाट वाकतो हो त्याने. वर वाऱ्यात जरा झोल खायला जागा लागते. सोडा बघू दोन दात."

दादा दातओठ खात दोन दात सोडी. ज्या तिसऱ्या दातावर त्याने आयुष्य काढलं, तोच इथे चूक ठरला. संध्याकाळी मेहुणा त्याला पट्टे धुवायला बसवी आणि धुतलेला पट्टा नाकाशी धरून म्हणे, "ताई घरी हेच करायची ना? आता तुम्ही करा." बाकीचे हसत. दादा गिळून टाकी. घरी येऊन बायकोवरही ओरडत नसे, कारण ती मग भावाला सांगेल. असा माणूस आतून किती आंबतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पण दादाची खरी गोची जिभेची होती. मोटार बांधून झाली, टायरवर थाप पडली, की शब्द आपोआप बाहेर. एकदा जोडीदार यंत्राच्या पोटाखालून निघून पिवळ्या रेघेमागे जायच्या आत दादा "बसली" म्हणाला आणि उचल्या उठला. जोडीदार उडी मारून वाचला. पहिली चूक. पुढच्या पंधरवड्यात तेच. दुसरी. मेहुण्याने त्याला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, "दाजी, आता एकच शिल्लक आहे हं. जपून वापरा." त्यानंतर दादा सुपारीचं खांड दाढेखाली धरून काम करू लागला. थाप मारली तरी जीभ सुपारीला अडे, मग दिवा बघायचा, रेघ बघायची, आणि तेव्हाच शब्द उच्चारायचा.

उमेदवारीचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी मुख्य कचेरीतून साहेबीण येणार होत्या. त्यांच्यासमोर दादाने एक मोटार बांधायची, सोडायची, आणि सुरळीत पार पडलं तर नोकरी पक्की. साहेबीण काचेच्या खोलीत वर उभ्या होत्या. यार्डातला कॅमेराही त्यांच्याकडेच वळवून ठेवला होता, कारण यार्डापेक्षा साहेबिणीचा फोटो महत्त्वाचा.

दादाने झकास बांधली. झोल ठेवून, दोन दात सोडून, कुणी बोट ठेवू नये अशी. उचल्या वरून येऊन चार पायांवर उभा राहिला, पाट पोटाशी घट्ट धरला, पंखे थांबले. दिवा लाल. जोडीदार रेघेमागे जाऊन बाकीच्यांत मिसळला. ते सगळे लांब, यंत्राच्या पाठीच्या बाजूला. दादा समोर, रेघेबाहेर उभा राहून हिरव्याची वाट बघू लागला.

तेवढ्यात मेहुणा पुढे आला, वाकून यंत्राच्या पोटाखाली शिरला आणि पाटावर चढला. रेघेच्या आत माणूस दिसला तर उचल्या जागचा हलत नसे, पण पोटाखाली त्याला डोळा नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं, मुकादमाला सगळ्यांत जास्त. पण दिवा लाल होता, आणि आजचा दिवस त्याला असाच फुकट जाऊ द्यायचा नव्हता. त्याने पुढच्या चाकाच्या पट्ट्यात हात घातला आणि ओढून बघितला.

"सैल आहे का हो हा, दाजी?" त्याने मोठ्याने विचारलं. लोक हसले.

"नाही," दादा म्हणाला.

"का घाबरून सैल सोडलात? एके काळी काय आवळायचात! रस्त्यात उतरवून द्यायचात माणसाला." मेहुण्याचा चेहरा दादाकडे होता, यंत्राचं कपाळ त्याच्या पाठीमागे वर. हात कोपरापर्यंत पट्ट्यात. "बरं, ते जाऊ द्या. तुमच्या त्या जुन्या कंपनीचं शेवटी काय झालं हो? मोठी कंपनी होती म्हणे."

खेळ चालला होता. जीभ पकडायची, टूं वाजवायचं, साहेबिणीच्या देखत सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. नोकरी तेवढ्याने जाणार नव्हती, पण ज्या दिवशी दादाने ताठ मानेने घरी जायचं त्या दिवशी त्याने चहा पाजत फिरायचं. एवढंच मेहुण्याच्या मनात होतं. त्याहून जास्त नव्हतं, हे दादालाही कळत होतं.

आणि त्याच क्षणी वरच्या खोलीतल्या माणसाने, साहेबिणींना ताटकळत ठेवायला नको म्हणून, बटण दाबलं. दिवा हिरवा झाला.

दादाने तो पाहिला. इथे कुणाचा गैरसमज नको. तो दिवा त्याच्या डोळ्यांसमोर होता, तो त्याने पाहिला, मेहुण्याचा पट्ट्यात अडकलेला हातही पाहिला, आणि सुपारी दाढेखालून गालात सरकवली. उत्तर द्यायलाच हवं असं नव्हतं. द्यायचंच तर बुडाली म्हणता आलं असतं. बंद पडली, संपली, गेली, मोडीत निघाली. आपल्या भाषेत शब्दांचा काही दुष्काळ नाही. त्यातले दोनतीन त्याच्या ओठांपर्यंत आलेही. मेहुणा मान तिरकी करून हसत होता.

"बसली," दादा म्हणाला.

पंखे गरजले. मेहुण्याने हात ओढला, पण वर उचलला जाताना पाट जरा लवतो आणि पट्टा स्वतःच आणखी घट्ट होतो. पाटावरून त्याचा पाय घसरला आणि तो हातावर लटकून वर गेला. पाय झाडत शेडच्या छपराएवढा वर गेला, तिथे हाताचं जे व्हायचं ते झालं आणि तो खाली सिमेंटवर पडला. उचल्याला काहीच कळलं नाही. वजन आता ठरल्याबरहुकूम होतं, म्हणून तो मोटार घेऊन वेळेवर गिऱ्हाईकाच्या दारात उतरला. गिऱ्हाईकाची तक्रार आली ती एवढीच, की पुढच्या चाकाला डाग आहे.

काळ आला होता पण वेळ आली नव्हती. मेहुणा वाचला. उजवा हात खांद्यापासून काढावा लागला आणि कंबरेत लोखंड बसवावं लागलं. चौकशी झाली. यंत्रात फक्त आवाजाची नोंद होती, कॅमेऱ्यात फक्त साहेबीण होत्या, साहेबिणींचं लक्ष कॅमेऱ्यात होतं, आणि मागे उभ्या असलेल्यांना दिवा दिसत नव्हता. सगळं येऊन ठेपलं मेहुण्याच्या जबानीवर. त्याने दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं, "दाजी खाली वाकून मागचं चाक बघत होते. त्यांना दिवा दिसणं शक्य नव्हतं. थट्टा मी केली. चूक माझी."

चौकशीवाल्यांनाही तेच सोयीचं होतं. मुकादमाने नियम मोडला, मुकादमाला काढा. बांधणीत दोष नाही. दादाची नोकरी पक्की झाली, आणि ज्या खिडकीतून मेहुण्याचा शेवटचा पगार मिळाला त्याच खिडकीतून दादाला पक्क्या कामगाराचं निळं हेल्मेट मिळालं. यार्डात कुणीही त्याला पुन्हा दाजी म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवून म्हणत, "दादा, तुमचा काय दोष?" दादाला आधी भीती वाटली होती, मग सुटल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगायचं तर दोनचार दिवस बरंही वाटलं. मेला असता तर, असा विचारही एकदा येऊन गेला. तो त्याने हाकलला नाही.

मेहुण्याला सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं. बहीण त्याला आपल्याकडे घेऊन आली. तिने दादाला विचारलं नाही, नुसतं सांगितलं, "तो इथे राहील." दादा हो म्हणाला. मेहुण्याच्या हाताखालून सुटलो, आता मेहुणा आपल्या ताटाखाली आला, असा त्याचा हिशेब होता. पहिल्या दिवशी जेवताना त्याने जुन्या आवाजात बायकोला म्हटलंही, "पाणी कोण देणार?" तिने मुकाट्याने पाणी दिलं. मेहुणा डाव्या हाताने भात सांडत खात होता. त्याने मान वर करून दादाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा कामावर निघाला तेव्हा आतल्या खोलीतून हाक आली, "दाजी, जरा येता का?"

मेहुणा खाटेच्या कडेला उभा होता. लेंग्याची नाडी लोंबत होती, एका हाताने ती बांधता येत नव्हती. "ताईला सांगायला लाज वाटते," तो म्हणाला. "बांधा एवढी."

दादा गुडघे टेकून बसला आणि नाडीची टोकं हातात घेतली. मेहुणा त्याच्या डोक्यावरून हळू आवाजात बोलू लागला. स्वैपाकघरात बायको भांडी लावत होती, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"तुमच्या डोळ्यांवर तो काचेचा चष्मा होता. यार्डातला. त्यात मला दिवा दिसला, दाजी. हिरवा. मी हात काढणार, तेवढ्यात तुम्ही बोललात."

दादाचे हात थांबले. "मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्हाला आत टाकलं असतं. ताईला कोणी पोसायचं? मला कोणी? माझी नोकरी गेली, हात गेला. कमावता हात आता घरात एकच, तो तुमचा." राग नव्हता त्याच्या आवाजात, यार्डात पट्टे तपासताना असे तसाच आवाज होता. "तेव्हा तुम्ही काम करायचं. आजारी पडायचं नाही, म्हातारं व्हायचं नाही. पगार ताईच्या हातात. काल पाण्यासाठी ओरडलात तसं पुन्हा ओरडलात, तर मला आठवायला लागेल. चौकशी परत उघडता येते, मी विचारून ठेवलंय."

दादाने नाडीची टोकं पुन्हा जुळवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नक्की कळलं की कुणी तरी त्याला धरलं आहे आणि सोडणार नाही. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि ते कुणासाठी ते त्याला ठरवता येईना.

"आणि हे रोजचं काम तुमचं," मेहुणा म्हणाला. "सकाळी कामावर जायच्या आधी. ताईला आत यायला लावायचं नाही."

"झालं का रे?" बायकोने बाहेरून विचारलं. "काही हवंय का?"

"काही नको, ताई," मेहुणा मोठ्याने म्हणाला. "दाजी आहेत ना."

दादाने मान वर केली नाही. तो गाठ मारत होता.